सात नंबरची पाटी

पाटीला कुणीतरी कापड नेसवलं होतं. सुवेनी नेहमीप्रमाणे सकाळी सहाला चानांगच्या नैवेद्याचं तबक घेऊन दाराबाहेर आली आणि उंबऱ्यावरच थबकली. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कोरं कापड, दुकानातल्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. पाटीच्या दोन्ही लोखंडी पायांना मिळून एक वेढा आणि समोर नीट खोचलेलं टोक. वडाला नेसवतात, देवळाच्या दाराशी बसलेल्या दगडी राक्षसांना नेसवतात, ज्या दगडात कुणीतरी राहतं असा गावाला संशय असतो त्या दगडाला नेसवतात, ते हे कापड. लोकांनी फोटो काढावेत म्हणून उभ्या केलेल्या पाटीला नेसवलेलं तिनं त्रेसष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं. "झालं!" ती मोठ्यानं म्हणाली. "आता बसा बोंबलत." ऐकायला गल्लीत टोपलीखालचा एक कोंबडा तेवढा होता.

आता ही पाटी सहजासहजी हलणार नव्हती. कालपर्यंत हलली असती. तीन महिन्यांपूर्वी 'जुनं सिंगाराजा मंडळ' नावाच्या उत्साही लोकांनी शहरात पाहुण्यांसाठी पायी फेरी आखली, बंदरापासून सुरुवात करून सात ठिकाणं ठरवली, सात पाट्या रोवल्या, आणि सातवी नेमकी सुवेनीच्या दारात. विचारलं कुणी नाही. ती बाजारातून परत येते तो दोन मजूर खड्ड्यात सिमेंट ओततायत. आणि मग तिनं जे केलं त्याबद्दल ती आज तीन महिने स्वतःच्या हाताला शिव्या देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या उकरलेल्या मातीवर एक चानांग ठेवलं. झावळीची बोटभर परडी, चार फुलं, भाताची चार शितं, उदबत्ती. माती उकरली की तिची क्षमा मागायची, यात विचार करण्यासारखं काही नसतं. खोकला आला की तोंडावर हात जातो तसा हात जातो. तिसऱ्या दिवशी हात पुन्हा गेला, कारण आदल्या दिवशी गेला होता. चौथ्या दिवशी समोरच्या मेन सुक्रीनं पाहिलं की म्बोक लुह, म्हणजे सुवेनीताई, पाटीला रोज देते, म्हणजे काहीतरी असणार, आणि तिनंही एक ठेवलं. मग कुणी बिस्किट ठेवलं, कुणी काळ्या कॉफीची वाटी, कुणी पेटवलेली सिगारेट. महिनाभरात पाटीच्या पायाशी शहरातल्या बऱ्यापैकी देवापाशी असतो तेवढा पसारा जमला आणि त्याच पाटीवर काय लिहिलंय ते वाचून सुवेनीचं डोकं रोज नव्यानं फिरत राहिलं.

पाटीवर तीन भाषांत एकच मजकूर होता, म्हणजे चूक एकदा नव्हे, तीनदा होती. 'अक्षरांचं घर. नामवंत ताडपत्र-लेखक गेडे विरासा (१९१०–१९७४) येथे राहत. त्यांना दोन मुलगे होते. उत्तरायुष्यात त्यांचा हात अधिक कोवळा, अधिक सुबक झाला; अखेरच्या सात वर्षांत त्यांनी लिहिलेल्या पोथ्या या भागातल्या सर्वांत देखण्या मानल्या जातात.' दोन मुलगे! घरात झाडू मारते कोण, घराण्याच्या सात देव्हाऱ्यांना रोज सकाळ-संध्याकाळ देते कोण, गळक्या छपराखाली भांडी लावते कोण? दोन मुलगे. आणि म्हणे हात कोवळा झाला. कोवळा असायचाच, पंधरा वर्षांचा होता तो हात. सदुसष्ट साली बापांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, डोळ्यांत दुधासारखं काहीतरी उतरलं आणि त्यांना पान दिसेना, तेव्हापासून ते जाईपर्यंत घरात जी काही ताडपत्रं कोरली गेली ती हिनं कोरली. बापा ओसरीवर पाठ टेकून पडत, ही मूळ पोथी वाचे, ते जिथं चुकेल तिथं हुंकार देत, आणि मग ही पान मांडीवर घेऊन सुरीच्या टोकानं अक्षर कापत जाई. ओळ संपली की बापा हात पुढे करत, अंगठा पानावरून फिरवत आणि म्हणत, "चढली." ओळ वर चढली, म्हणजे वाकडी गेली. सात वर्षांत त्यांच्या अंगठ्याला दुसरं काही म्हणायला सुचलं नाही. चांगली आली असेल तर अंगठा नुसता फिरून परत जाई, आणि तेवढ्यासाठी ती जीव टाकायची. पोथीच्या शेवटी लेखकाचं नाव, गाव, दिवस आणि 'अक्षर वाईट आहे, हसू नका' अशी माफी लिहायची रीत होती. नाव बापांचं, गाव बापांचं. माफी मात्र आपली आहे असं तिला त्या वयात वाटायचं.

तिला खरं तर फार काही नको होतं. मान नको होता, सत्कार नको होता, फेरीतल्या लोकांनी तिच्यासोबत फोटो काढावेत ही तर तिला शिक्षाच वाटली असती. त्या पाटीवर चार शब्द वाढवून हवे होते: 'आणि एक मुलगी होती.' लग्न केलं नाही. करायचं राहिलं. आधी बापांचे डोळे, मग मेमेचं, म्हणजे आईचं, अंथरूण, मग ताडपत्रांच्या वाचनालयातली नोकरी आणि शेवटी सवय. मागं कुणी नाही. ती गेली की घर सुलावेसीतल्या भाच्याकडे जाणार. भाचा म्हणायचं नावाला; भावाचा मुलगा, पण तो तिला इतका परका होता की नातं ठरवताना तिची जीभ अडखळायची. त्यानं पाटीचा फोटो कुणाकडून तरी मिळवला आणि लगेच तिला मेसेज केला: 'आत्या, मस्त! बाबांचा उल्लेख आहे!' नंतर अंगठे आणि टाळ्या. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आपण मेल्यावर गेडे विरासाला मुलगी होती हे सांगणारं जगात एकही तोंड उरणार नाही, उरेल ती ही पाटी, आणि पाटी म्हणणार दोन मुलगे, हे तिला त्या टाळ्यांत लख्ख दिसलं. त्यात मागच्या आठवड्यात फेरीबरोबर आलेल्या मुलीनं तिच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगितलं होतं, "आणि या घर सांभाळणाऱ्या बाई." पाहुण्यांनी हात जोडले. तिनंही जोडले. काय करणार?

"म्बोक लुह, आवडलं का?" समोरून मेन सुक्रीनं हाक मारली. सुक्रीची आई, म्हणून मेन सुक्री; खरं नाव गल्ली विसरून गेली होती, बहुधा तीही. ती ब्लायागचं दुकान मांडत होती आणि पानांत गुंडाळलेल्या भाताचा वास गल्लीभर पसरला होता.

"हे तू केलंस?"

"मग काय! परवा आमच्या जावयाची गाडी इथंच घसरली ना, अगदी पाटीच्या समोर. गाडी आडवी, तो आडवा, आणि एक ओरखडा नाही. एक नाही! मी म्हटलं, रोज म्बोक लुह देते ते उगीच नाही देत. घरात कापड होतंच."

"अगं बाई, ती पाटी आहे. लोखंडाची. मंडळानं लावलेली."

"मग तू का देतेस?"

याला उत्तर होतं, पण ते मेन सुक्रीला पटण्यासारखं नव्हतं, आणि आता सुवेनीलाही फारसं पटत नव्हतं. दुकानाच्या बाकावर पाण्यात पाय सोडावेत तसे पाय हलवत जेरो मांकू बसले होते, गल्लीच्या देवळाचे पुजारी, ऐंशीचे, समोरच्या ताटलीत कोंबडीचा रस्सा. त्यांनी तोंडातला घास संपवला, घोटभर पाणी प्यायले आणि मग बोलले. घाई त्यांना कधीच नसायची.

"लुह, पाटी काढायची म्हणतेस ना तू?"

"काढायची म्हणजे सुधारायची, जेरो मांकू. नवी लावायची. मजकूर चुकलाय."

"मजकुराचं मला समजत नाही. पण आता कापड नेसवलंय. काढायची तर दिवस बघावा लागेल. जे आहे त्याला विचारावं लागेल."

"जे आहे? तिथं काही नाहीये!"

"नसेल," जेरो मांकू शांतपणे म्हणाले. "पण तीन महिने तू बोलावतेयस. एव्हाना आलंही असेल कुणी. आलेल्याला, जा, तू आलाच नव्हतास, असं कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

मेन सुक्रीनं जोरात मान हलवली. सुवेनीनं तबक उंबऱ्यावर आपटलं, म्हणजे आपटल्यासारखं ठेवलं, कारण त्यात देवांचं होतं, आणि घरात गेली. संतापसुद्धा धड करता येत नाही या गावात. मध्ये कुणीतरी देव येतोच. तिनं साडेनऊपर्यंत वाट पाहिली, केस विंचरले, बाहेर जायचा तो जांभळा झगा घातला, आणि मंडळाचं काम बघणाऱ्या विस्नायाला गाठायला निघाली. मंडळाचं कार्यालय बंदरातल्या जुन्या गोदामात होतं, म्हणजे एक नंबरपाशी. ती सातवरून निघत होती. फेरीचे लोक वरच्या बाजूला चढत येत, ती उलटी उतरणार होती, आणि वाटेत प्रत्येक पाटीपाशी तिचं टाळकं फिरणार होतं हे तिला ठाऊक होतं. स्कूटर घ्यावी तर गुडघा, गाडी बोलवावी तर फोन चार्ज नाही. एकंदर दिवसच तसा होता.

सहा नंबर वाचनालय. इथं तिनं पस्तीस वर्षं घालवली, लाकडी पेट्यांतल्या पोथ्या दर सहा महिन्यांनी बाहेर काढायच्या, गवती चहाच्या तेलानं पुसायच्या, उन्हाला न दाखवता वाळवायच्या. दारावरची पाटी म्हणत होती की इथं आल्यावर प्राचीन ज्ञानाचा सुगंध येतो. तो तेलाचा वास, शहाण्यांनो. तोही आज येत नव्हता, कारण ती निवृत्त झाल्यापासून तेल आणायला कुणाला वेळ नव्हता. फाटकाशी दोन पाहुणे स्वतःचा फोटो काढत होते. तिनं थांबून त्यांना जागा दिली आणि मग चिडली, की आपण का थांबलो. या पेट्यांत बापांच्या नावाच्या एकवीस पोथ्या होत्या, त्यातल्या बारा तिच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं मुद्दाम त्या बारा बाजूला काढून बघितल्या होत्या, आजारी नातेवाइकाला बघावं तशा, कुणाला न सांगता. सांगता आलं असतं. त्या वेळचे प्रमुख भले गृहस्थ होते, त्यांनी नोंदवहीत दुरुस्ती केलीही असती. पण दुरुस्ती म्हणजे बापांचं नाव खोडणं, आणि ते तिच्यानं झालं नसतं. तिनं पोथ्या पुन्हा बांधल्या. पंख असलेल्या सिंहाच्या पुतळ्यापाशी, म्हणजे पाच नंबरला, तिला आठवलं की बांधताना तिला चक्क बरं वाटलं होतं, मोठ्या मनाचं वाटलं होतं. तीस-पस्तीस वर्षं त्या मोठ्या मनावर काढली. ते मन कुठं गेलं आता? एका पाटीनं, दोन शब्दांनी संपलं. खोडणं नको होतं हे खरं, पण वाढवायला काय हरकत होती, आणि आपण कधी मागितलं का नाही, असं स्वतःला विचारत ती रस्ता ओलांडत होती, तेव्हा एका टेम्पोवाल्यानं तिला "दादोंग, झोपेत चालतेस का?" म्हणून विचारलं. दादोंग, म्हणजे आजी. कुणाची आजी?

राजवाड्याच्या चार नंबरवरून ती तोंड फिरवून गेली. बाजारात तीन नंबरची पाटी भाजीवाल्यांनी छत्री अडकवायला वापरली होती, आणि हे बघून तिला पहिल्यांदा थोडं हायसं वाटलं. निदान इथं कुणी कापड नेसवलं नव्हतं. बाजारातून जाताना नेहमी मेमे आठवायची. मेमे इथं पानविडे विकायची, आणि कुणी विचारलं, मुलं किती, की तीन बोटं वर करायची. बोलायची नाही, कारण तोंडात पान असायचं. तीन बोटं. त्यातला थोरला अर्का तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वीच गेलेला, तरी तीन. मेमेचा हिशेब कुठं लिहिला गेला नाही. पानाच्या लाल थुंकीबरोबर गेला तो. चिनी देवळाच्या दोन नंबरपाशी एक म्हातारे गृहस्थ तळ्यातल्या कासवांना पालेभाजी घालत होते. ती जरा टेकली. गुडघा ठणकत होता. उन्हात लाल खांब डोळ्यांना टोचत होते. विस्नायाला काय म्हणायचं ते तिनं मनात पुन्हा जुळवलं, अगदी शब्दन् शब्द: तुम्ही लिहिलंय ते चुकीचं आहे, माझ्या घराबद्दल मला न विचारता लिहिलंय, आणि मला चार शब्द हवेत. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. तरी तिला आधीपासून ऐकू येत होतं तो काय म्हणणार ते: पुढच्या वेळी छापू तेव्हा बघू, बु. बु, म्हणजे बाई.

बंदरात आता जहाजं येत नाहीत. धक्क्यावर हॉटेलं आहेत, आणि सिओबाकच्या, डुकराच्या मटणाच्या, गोडसर चिकट वासावर समुद्राचा वास कसाबसा मात करतो. एक नंबरच्या पाटीवर कॉफी, गुरं, डुकरं, सुराबाया, सिंगापूर, सगळं लिहिलं होतं. गुरांच्या होडीवरून नऊ वर्षांचा अर्का पाण्यात पडला हे लिहिलेलं नव्हतं. कशाला असेल? ती तेव्हा चार वर्षांची. तिला त्यातलं एवढंच आठवतं की घरात खूप पाय होते, आणि कुणीतरी तिला सारखं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवत होतं. त्यानंतर बापा तिच्याकडे बघायचे तेव्हा तिच्या पलीकडे बघायचे. मग डोळेच गेले, आणि ती गोष्ट तिला सोपी गेली. सुदिर, मधला, वीस वर्षांचा झाला आणि सुलावेसीला जमीन मिळते म्हणून निघून गेला, मागं न बघता. बापांना घरात एकच मूल उरलं. तरी संध्याकाळी ओसरीवर ते जेव्हा स्वतःशी "मुलं" म्हणून पुटपुटायचे, तेव्हा त्यात ती नसायची, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि ते तिला नेहमीच माहीत होतं.

गोदामात पंखा फिरत होता. कादेक विस्नाया शाळेत इतिहास शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी इथं बसायचा; चाळिशीचा, नेटक्या मिशीचा, कुणाचंही म्हणणं पूर्ण ऐकून घेऊन काहीही न करणारा माणूस. तिला बघताच तो उभा राहिला, खुर्ची पुसली, थंड चहाची बाटली पुढे केली. या सौजन्याचाच तिला वैताग होता. भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची पुसून देऊ नये.

"बु, ऐकलं मी. कापड. मेन सुक्रीच्या जावयानं फोटो टाकलाय, दोनशे लोकांनी बघितला."

"तू काढतोस की नाही पाटी?"

"मी कसा काढू? जेरो मांकू म्हणतात दिवस बघावा लागेल."

"मी मजकुराचं बोलतेय, विस्नाया. तीन महिने बोलतेय. वर पट्टी चिकटव, रंगानं लिही, काहीही कर. दोन मुलगे हे खोटं आहे. तुला कुणी सांगितलं? माझ्या घरी येऊन एकदा विचारलं असतंस तर जीभ झडली असती तुझी?"

तो अवघडला. संगणकाकडे बघत म्हणाला, "बु, मी ते मनानं नाही लिहिलं. तुम्ही रागवाल म्हणून दाखवलं नव्हतं. आधार आहे त्याला."

"कसला आधार?"

"विरासांचाच. डोंगरातल्या गावात एका वैद्याच्या घरी औषधांची पोथी सापडली, वाचनालयात नव्हती कधी. आम्ही फोटो काढून आणले. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलंय." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला आणि पान मोठं केलं, इतकं मोठं की एकेक अक्षर तळहाताएवढं झालं. मग शिक्षकासारखं बोट ठेवत वाचू लागला. "'ही पोथी लिहिली सिंगाराजाच्या गेडे विरासानं, ज्याला दोन मुलगे आहेत. अक्षर वाईट आहे, हसू नका.' शके अठराशे एक्याण्णव. म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तर. बु, त्यांच्याच हातचं आहे. यापुढे मी काय बोलणार?"

सुवेनी पडद्याकडे बघत राहिली. 'न'ची ती शेपूट. पानाच्या छिद्राशी आली की जरा आखडून घेतलेली मात्रा. शेवटच्या अक्षराला उगाच दिलेला बाक, जो द्यायला बापांनी बंदी केली होती आणि जो ती त्यांच्या अंगठ्याला लागणार नाही इतका हलका द्यायची. हे तिनं लिहिलं होतं. सतरा वर्षांची असताना, ओसरीवर, मांडीवर पान घेऊन. ते बोलले आणि तिनं कोरलं, मग जाळलेल्या बियांची काजळी चोळली, पुसलं, आणि अक्षरं काळी होऊन वर आली. तिला ती दुपार आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना. औषधांची पोथी आठवली, सांधेदुखीचे लेप आठवले, हे वाक्य नाही. ती पुढं वाकली. हात अडखळला की सुरी खोल जाते, तिथं काजळी जास्त बसते, अक्षराच्या पोटात ठिपका राहतो. हे ती पस्तीस वर्षं इतरांच्या पोथ्यांत बघत आली होती आणि त्यावरून लेखक कुठं दमला, कुठं रडला, ते सांगायची. तिनं 'दोन' शोधला. 'मुलगे' शोधला. एकदा, दोनदा, डोळे बारीक करून. ठिपका कुठंच नव्हता. ओळ सुतासारखी सरळ होती. हात जराही थांबला नव्हता.

"काय अक्षर आहे ना?" विस्नाया हळूच म्हणाला. "साठीला टेकलेला माणूस, आणि हात बघा."

"हात माझा आहे."

"अं?"

"हात माझा आहे. त्यांना दिसत नव्हतं. सदुसष्टपासून सगळं मी लिहिलं. वाचनालयात बारा आहेत अशा, चल, आत्ता दाखवते."

विस्नायानं तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचा विश्वास बसला हे तिला दिसलं, आणि त्याच्या मनात पुढचा प्रश्न उगवला हेही दिसलं. त्यानं तो विचारायला नको होता, पण तो इतिहासाचा शिक्षक होता.

"मग बु, तुम्ही स्वतःच 'दोन मुलगे'…"

"त्यांनी सांगितलं. मी लिहिलं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ओळ चढू नये एवढंच बघत होते मी. दुसरं काही बघतच नव्हते."

पंखा फिरत होता. बाहेर धक्क्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, आणि तो आवाज तिला असह्य झाला. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच, आणि त्या रागाला आता जायला जागा उरली नव्हती. मंडळावर काढता येत नव्हता. बापांवर काढावा तर ते जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि त्या ओसरीवर पडलेल्या आंधळ्या माणसावर रागावणं तिला कधी जमलंच नव्हतं. राहिली ती सतरा वर्षांची मुलगी, जीभ दातांत धरून सुबक 'दोन' कोरणारी. तिचे कान उपटावेत असं सुवेनीला वाटलं. अगं, निदान विचारायचंस. सुरी थांबवायचीस, मान वर करायचीस आणि म्हणायचंस, बापा, दोन? एवढंच. ते चिडले असते, किंवा गप्प झाले असते, किंवा कुणास ठाऊक, म्हणाले असते, थांब.

विस्नायानं घाईघाईनं वही ओढली होती. माणूस भला होता, त्याला आता काहीतरी करायचं होतं. "बु, आपण बदलू. जेरो मांकूंकडून दिवस घेऊ, रीतसर विचारू, नवी पाटी लावू. मंडळाला मी बघतो. तुम्ही फक्त सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहितो."

तिनं टेबलावर हात आपटला. चहाची बाटली आडवी झाली.

"कुणी सांगेल तसं लिहू नकोस रे!" ती ओरडली. "सांगेल तसं लिहायचं नसतं. आधी विचारायचं असतं! इतिहास शिकवतोस ना तू? मग विचार की!"

त्यानं पेन पुन्हा वहीवर टेकवलं. चहा टेबलावरून त्याच्या पायावर गळत होता. मग त्यानं मान वर केली आणि, वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोरासारखा, विचारलं, "बु, गेडे विरासांना मुलं किती?"

"तीन," सुवेनी म्हणाली. "एक या बंदरात गेला. एक सुलावेसीला गेला. एक तुझ्यासमोर बसलीय. लिही आता."